जनरल वेन आणि दोन वर्षांची सिद्धता

४ नोव्हेंबर १७९१ रोजी ओहायोच्या अरण्यात अमेरिकेच्या नवजात प्रजासत्ताकाची फौज जवळजवळ नामशेष झाली. लिटल टर्टल आणि ब्लू जॅकेट यांच्या नेतृत्वाखालील मूलनिवासींनी सेंट क्लेअरचे सहाशेहून अधिक सैनिक मारले. या पराभवाचे कारण केवळ रणांगणावर शोधून भागणार नाही. पुरवठ्याचा मक्ता विल्यम ड्यूअर या सट्टेबाजाकडे होता. सरकारी पैसा त्याने सट्ट्यात घातला आणि फौज अर्धपोटी राहिली. १७९२ मध्ये तो कर्जापायी तुरुंगात गेला.

अशा वेळी वॉशिंग्टनने अँथनी वेनची निवड केली. पेनसिल्व्हेनियात १७४५ साली जन्मलेल्या वेनच्या घरी कातडी कमावण्याचा धंदा होता. तो स्वतः भूमापक. १७७९ मधील स्टोनी पॉइंटच्या रात्रीच्या हल्ल्याने तो गाजला, तथापि युद्धोत्तर जीवन मात्र अपयशाचेच होते. जॉर्जियातील, गुलामांच्या श्रमावर चालणारी त्याची भातशेती कर्जात बुडाली आणि निवडणुकीतील गैरप्रकारांमुळे काँग्रेसमधील जागाही गेली.

हाच मनुष्य दोन वर्षे घाई न करता फौज घडवीत बसला, हे नवल. पिट्सबर्गमधील मद्यालयांपासून दूर, लीजनव्हिल येथे त्याने १७९२ चा हिवाळी तळ टाकला. नेमबाजी, संगिनीचा सराव, लुटुपुटूच्या लढाया हा नित्यक्रम ठरला. पळपुट्यांना देहदंड होई. ही शिस्त निर्दयच म्हटली पाहिजे. १७९३ मध्ये वाटाघाटी चालू असल्याने सरकारनेच त्याला थोपविले होते. हा विलंब त्याच्या पथ्यावरच पडला. केंटकीच्या घोडेस्वार मिलिशियावर त्याचा विश्वास नव्हता. त्या शरद ऋतूत त्याने ती परत पाठविली; पुढील वर्षी सुमारे दीड हजार स्वार पुन्हा आले.

२० ऑगस्ट १७९४ ची फॉलन टिंबर्सची लढाई तासाभरात आटोपली. त्याचे ३३ सैनिक पडले. ब्रिटिशांनी आपल्या किल्ल्याचे दरवाजे माघार घेणाऱ्या मित्रांसाठी उघडले नाहीत. परंतु खरा घाव त्यानंतर बसला: वेनने मक्याची उभी शेते जाळली. आपली भूमी राखणाऱ्या या लोकांसमोर हिवाळ्यात उपासमार उभी राहिली. १७९५ च्या ग्रीनव्हिल तहाने आजच्या ओहायोचा बहुतांश प्रदेश गेला. मोबदला म्हणून वीस हजार डॉलरचा माल आणि बारा जमातींत मिळून वार्षिक साडेनऊ हजार डॉलर ठरले. जमिनीचा हा भाव मक्तेदारालाही लाजविणारा होता.

१५ डिसेंबर १७९६ रोजी वेन मरण पावला. सेनापतिपद विल्किन्सनकडे गेले. तो गुप्तपणे स्पेनचा पैसा घेत होता.