महाविद्यालयाच्या मैदानावरून जाकार्तापर्यंत : प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत एखाद्या नव्या फुटबॉल प्रशिक्षकाचे नाव निघाले की, पहिला प्रश्न ठरलेला असतो : हा खेळला कोणाकडून? खंडोबा तालमीकडून, शिवाजी तरुण मंडळाकडून, की पलीकडच्या मंगळवार पेठेतील पाटाकडील तालमीकडून? ज्या गावात कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले आणि शाहू स्टेडियमवरील सामन्याची चर्चा पेठांच्या कट्ट्यांवर आठवडाभर चालते, तेथे हा प्रश्न स्वाभाविकच म्हटला पाहिजे. फक्त कॉलेजच्या संघातून खेळलेल्या माणसाकडे तेथे काहीशा संशयाने पाहिले जाते. आपल्या धर्मग्रामांतही मे महिन्याच्या सुट्टीत मुलांचे फुटबॉल शिबिर घ्यावयाचे ठरते तेव्हा मुले कोणाच्या हाती सोपवावीत, याचा विचार करताना आपण बहुधा याच मापाने माणसे मोजतो. भारतीय फुटबॉलला सर्वाधिक यश मिळवून देणाऱ्या प्रशिक्षकाला हे माप लावले असते, तर काय झाले असते?

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म 17 ऑगस्ट 1909 रोजी हैदराबाद येथे झाला. ते उस्मानिया विद्यापीठात शिकले व तेथील चांगल्या फुटबॉलपटूंत गणले गेले. सिटी कॉलेजच्या आजी-माजी विद्यार्थ्यांच्या इलेव्हन हंटर्स या संघातून आणि पुढे कमर क्लबकडून ते खेळले. खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द एवढीच. भारताच्या संघाचा गणवेश त्यांनी खेळाडू म्हणून कधी अंगावर घातला नाही. कला शाखेची पदवी घेऊन ते शिक्षक झाले, काचीगुडा येथील शाळेपासून आरंभ करून हैदराबादच्या निरनिराळ्या शाळांत त्यांनी अध्यापन केले, शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेच्या क्रीडा विभागाची जबाबदारी स्वीकारली.

त्यांच्या चरित्रातील हा शाळेचा भाग सहसा दोन ओळींत संपविला जातो; मला मात्र तोच सर्वांत मोलाचा वाटतो. जन्मजात कौशल्य लाभलेल्या खेळाडूला आपण चेंडू कसा थांबवितो हे सांगता येईलच असे नाही, कारण ते त्याला कधी शिकावेच लागलेले नसते. शिक्षकासमोर वर्गात चाळीस मुले असतात आणि त्यांतील दोन-चारच हुशार असतात. उरलेल्यांना शिकविण्यासाठी धड्याचे तुकडे पाडावे लागतात. रहीम यांनी मैदानावर हेच केले. त्यांनी अशा स्पर्धा भरविल्या की ज्यांत खेळाडूने आपल्या कमकुवत पायानेच चेंडू मारावयाचा. काही स्पर्धांत चेंडू पायाशी खेळवीत नेण्यास मनाई असे. आला की लगेच सहकाऱ्याकडे द्यावयाचा. ज्या काळात प्रेक्षक एकट्याच्या करामतीवर खूश होऊन टाळ्या देत, त्या काळात ही शिस्त लावणे सोपे नव्हते.

1950 मध्ये हैदराबाद सिटी पोलीस हा संघ त्यांच्या हाती आला. त्यानंतर जे घडले ते मुंबईकरांनी कूपरेजच्या मैदानावर प्रत्यक्ष पाहिले. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे या संघाने रोव्हर्स चषक जिंकला. कलकत्त्याचे नामांकित क्लब, लष्कराचे संघ आणि मुंबईचे स्थानिक संघ अशी मातबर मंडळी त्या स्पर्धेत उतरत असताना हे यश मिळाले, हे ध्यानात घेतले पाहिजे.

भारतीय संघाची सूत्रे हाती येताच 1951 मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. अंतिम सामन्यात इराणवर एका गोलने विजय झाला. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा 10-1 असा धुव्वा उडविला. आपले अनेक खेळाडू अनवाणी खेळत होते. या पराभवानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. केवळ आपल्या खेळण्याच्या आठवणींवर विसंबणारा प्रशिक्षक येथे जुन्या पद्धतीचा कैवार घेत बसला असता, कारण तो स्वतःही तसाच खेळून मोठा झालेला असतो. रहीम युरोपातील संघांच्या खेळाचा, विशेषतः हंगेरीच्या मांडणीचा अभ्यास करू लागले. आघाडीचा एक खेळाडू थोडा मागे ठेवून समोरच्या बचावफळीला गोंधळात टाकण्याची युक्ती त्यांनी आपल्या संघात रुजविली.

तिचे फळ 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये दिसले. 1 डिसेंबर 1956 रोजी भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 असे हरविले आणि त्या चारांपैकी तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसोझा यांनी केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक नोंदविणारे ते पहिले आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांचाच होता, मात्र भारत 4-1 असा हरला आणि अखेर चौथ्या क्रमांकावर राहिला. त्याहून वरचे स्थान भारताला ऑलिंपिक फुटबॉलमध्ये कधीही मिळालेले नाही. आपल्या समाजातील किती तरुणांना नेव्हिल डिसोझा हे नाव ठाऊक आहे, हा प्रश्न मनाला थोडा बोचतो.

रहीम यांची नजर मोठ्या क्लबांपुरती नव्हती. सिकंदराबादजवळच्या एका गरीब घरातील तुलसीदास बलराम या मुलाचा खेळ त्यांनी पाहिला व त्याला हैदराबादला सरावास बोलाविले. मुलाजवळ येण्याजाण्यास पैसे नव्हते. रहीम यांनी सायकलच्या भाड्याची व्यवस्था स्वतः केली. तोच मुलगा मेलबर्नच्या संघात होता आणि पुढे चुनी गोस्वामी व प्रदीपकुमार बॅनर्जी यांच्या जोडीने भारताच्या आघाडीचा आधारस्तंभ बनला. शाळेत एखाद्या मुलाची फी भरणारे शिक्षक आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यातलाच हा प्रकार.

1962 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेला संघ निघाला तेव्हा रहीम यांना कर्करोगाने ग्रासले होते. पहिलाच सामना भारत दक्षिण कोरियाकडून 2-0 असा हरला. थायलंडविरुद्धच्या सामन्यात बचावफळीचा भक्कम खांब असलेल्या जर्नेल सिंग यांच्या डोक्याला मार लागून टाके पडले. असा खेळाडू बचावात ठेवणे धोक्याचे आणि बाहेर बसविणे नुकसानीचे. रहीम यांनी त्यांना आघाडीवर मध्यभागी उभे केले. पाहणाऱ्यांना हा वेडेपणा वाटला असेल, पण पंजाबात महाविद्यालयीन दिवसांत जर्नेल त्याच जागी खेळत असत. कॉलेजचा खेळ ही विसरून जाण्याची गोष्ट आहे असे मानणाऱ्या प्रशिक्षकाला ही कल्पना सुचली नसती. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर 3-2 असा विजय मिळाला; जर्नेल यांनी एक गोल केला.

4 सप्टेंबर 1962 रोजी अंतिम सामना पुन्हा दक्षिण कोरियाशीच होता. इस्रायल व तैवानच्या खेळाडूंना प्रवेश नाकारण्यावरून भारतीय क्रीडा पदाधिकाऱ्याने घेतलेल्या आक्षेपामुळे इंडोनेशियातील वातावरण तापले होते आणि प्रचंड जमाव भारताविरुद्ध ओरडत होता. गोलरक्षक पीटर थंगराज आजारातून उठून मैदानात उतरले. गोव्यातील कोलवाळचे फोर्तुनातो फ्रँको मधल्या फळीत होते. हैदराबादचा मुसलमान प्रशिक्षक, पंजाबचा शीख, बंगालचे हिंदू, गोव्याचा कॅथलिक असा तो संघ होता. पहिल्या वीस मिनिटांतच बॅनर्जी व जर्नेल यांनी एकेक गोल केला आणि भारत 2-1 असा जिंकला.

कॅथलिक वाचकांना येथे अमेरिकेच्या नोत्र दाम विद्यापीठातील नूट रॉकनी यांची आठवण होईल. त्यांचा फुटबॉल वेगळा, चेंडू हातात घेऊन खेळण्याचा. नॉर्वेत जन्मलेले रॉकनी 1913 मध्ये त्याच विद्यापीठाच्या संघातून गाजले, 1918 पासून तेथेच प्रशिक्षक होते, 1925 मध्ये त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली आणि 1931 मध्ये विमान अपघातात ते मरण पावले. महाविद्यालयातील कीर्ती त्यांना निश्चितच उपयोगी पडली. तरीही लक्षात घेण्याजोगे हे की, तेही प्रशिक्षक होण्यापूर्वी आणि नंतरही रसायनशास्त्र शिकवीत होते.

रहीम यांच्या बाबतीत कॉलेजचा खेळ कामी आला तो असा : मैदानावर धाप लागते म्हणजे काय, पाऊस पडल्यावर चेंडू कसा जड होतो, राखीव बाकावर बसलेल्या मुलाच्या मनात काय चालते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. एवढी शिदोरी आवश्यकच होती. त्यापुढचे सारे त्यांनी अध्यापनातून आणि अभ्यासातून मिळविले. शिवाजी पेठेतील किंवा आपल्या धर्मग्रामातील एखादा कॉलेजपुरताच खेळलेला पी.टी.चा शिक्षक मुलांना शिकवू इच्छीत असेल, तर तो कोणाकडून खेळला याच्या जोडीला त्याने आजवर कोणाला काय शिकविले, हेही विचारले गेले पाहिजे.

जाकार्ताहून परतल्यावर वर्षही पुरे झाले नाही. 11 जून 1963 रोजी रहीम यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम 1960 च्या रोम ऑलिंपिक संघात होते व पुढे तेही प्रशिक्षक झाले. आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्ण 1962 नंतर भारताला पुन्हा मिळालेले नाही. 1970 मध्ये बँकॉकला कांस्यपदक मिळाले, तेव्हा प्रशिक्षकांत प्रदीपकुमार बॅनर्जी होते. स्वतः थोर खेळाडू आणि रहीम यांचे शिष्य.