बद्रुद्दीन तय्यबजी : शाळेसाठी झटलेला बॅरिस्टर

सीएसएमटी स्टेशनातून बाहेर पडलात, की रस्त्यापलीकडे घुमटांची एक जुनी इमारत दिसते. स्टेशनचे फोटो आपण सगळेच काढतो, ती मात्र राहून जाते. ती आहे अंजुमन-ए-इस्लामची शाळा. अभिनेते दिलीपकुमार तिथेच शिकले. पण आज ओळख करून घ्यायची आहे ती ही संस्था उभी करणाऱ्या बद्रुद्दीन तय्यबजींची.

त्यांचा जन्म १८४४ चा, मुंबईतला. घर सुलेमानी बोहरा व्यापाऱ्याचं. इंग्रजी शिकलं की पोरगं धर्माला मुकतं, अशी भीती तेव्हा अनेक मुसलमान घरांत होती. बद्रुद्दीनच्या वडिलांनी मात्र मुलांना थेट विलायतेला धाडलं. बद्रुद्दीन आधी मदरशात, मग एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि १८६० मध्ये इंग्लंडला गेले. तिथे डोळ्यांनी दगा दिला. शिक्षण अर्धवट टाकून घरी यावं लागलं. तुमच्यापैकी कुणाचं वर्ष वाया गेलं असेल, तर ती घालमेल कळेल. पण गडी परत गेला आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊनच आला. मुंबई हायकोर्टातला तो पहिला भारतीय बॅरिस्टर!

आता पैसा होता, मान होता. मग शाळेचा खटाटोप कशाला?

जरा तेव्हाची मुंबई डोळ्यांसमोर आणा. बंदर वाढत होतं. ऑफिसं, कोर्टं, पेढ्या सगळीकडे इंग्रजी जाणणारा माणूस हवा होता. पारशी आणि हिंदू मुलं शाळा-कॉलेजांतून पुढे सरकत होती, मुसलमान मुलं फार थोडी. श्रीमंताचा मुलगा लंडनला जाईल, पण गल्लीतल्या गरिबाच्या पोरानं काय करायचं? बद्रुद्दीनना छळत होता तो हा प्रश्न.

१८७४ मध्ये थोरले भाऊ कमरुद्दीन आणि आणखी काही जणांना घेऊन त्यांनी अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. १८८० मध्ये शाळा सुरू झाली. त्यांचा विचार साधा होता. आईबापांच्या भीतीची टिंगल करायची नाही, तिच्यावर उपाय काढायचा. इंग्रजी शिकवायचं आणि उर्दू-फारसी, धर्मशिक्षणही द्यायचं, सगळं एकाच छपराखाली. म्हणजे मुलाला घर की शाळा, असं निवडायची वेळच येत नाही. आज समोर दिसते ती इमारत १८९३ ची. म्हणजे संस्था सुरू झाल्यावर तब्बल १९ वर्षांनी स्वतःची वास्तू मिळाली. एवढा दम धरावा लागला!

मुलींचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. तिथे त्यांनी भाषणाआधी घरापासून सुरुवात केली. पडद्याच्या त्या काळात स्वतःच्या मुलींना मुंबईत शिकवलं आणि १९०४ मध्ये दोघींना इंग्लंडच्या शाळेत पाठवलं.

१८८७ मध्ये मद्रासच्या अधिवेशनात ते काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष झाले. अलीगढच्या सर सय्यद अहमद खानांचा काँग्रेसला कडवा विरोध होता, त्यामुळे दोघांत जाहीर मतभेद झाले. पण शिक्षणाच्या कामात बद्रुद्दीननी ते आड येऊ दिले नाहीत. सर सय्यद यांनी सुरू केलेली मुस्लिम शिक्षण परिषद १९०३ मध्ये मुंबईत भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी तय्यबजीच होते.

आणखी एक गोष्ट आपल्या इतिहासातली. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांचा जामीन आधी नाकारला गेला होता. नंतर तो मंजूर केला तो न्यायमूर्ती तय्यबजींनी. सरकारनं नेमलेले न्यायाधीश असूनही ते कचरले नाहीत.

१९०६ मध्ये लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांची अंजुमन आज शाळांबरोबर कॉलेजंही चालवते. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुलं तुमच्या वर्गातही असतील. एखादा फॉर्म भरायला, इंग्रजीचा धडा समजून घ्यायला त्यांना कुणी तरी लागतं. त्यासाठी बॅरिस्टर असायची गरज नाही. शेजारच्या बाकावर बसणाराही ते करू शकतो.