'वंदे मातरम्' बँडवर वाजतं, हे दिल्लीला दाखवून देणारे पुण्याचे मास्तर कृष्णराव

थिएटरमध्ये पिक्चर सुरू होण्याआधी आपण उठून उभे राहतो. पॉपकॉर्न खुर्चीवर, मोबाईल खिशात आणि ५२ सेकंद जन गण मन. महाराष्ट्रात ही सवय २००३पासूनची आहे, त्यामुळे आपल्यातल्या बऱ्याच जणांना त्याआधीचं आठवतही नसेल.

पण त्या ५२ सेकंदांच्या जागी दुसरं गाणं असावं म्हणून एका मराठी गायकाने आयुष्यातली कित्येक वर्षं खर्ची घातली होती. त्याने भाषणं केली नाहीत, मोर्चे काढले नाहीत. गाण्याला चाल लावली, बँडसाठी त्याचं नोटेशन करून घेतलं आणि थेट दिल्ली गाठली.

त्याचं नाव मास्तर कृष्णराव. पूर्ण नाव कृष्णा गणेश फुलंब्रीकर.

जन्म १८९८चा, आळंदीचा. लहान वयातच ते नाट्यकला प्रवर्तक मंडळीत दाखल झाले. त्या काळात संगीत नाटक कंपन्यांना गाणारी पोरं हवी असायची आणि कृष्णाचा गळा गोड होता. 'मास्तर' ही उपाधी तिथलीच. नाटकातल्या बालनटाला तेव्हा मास्टर म्हणायचे. बाकीच्यांची ती वयाबरोबर गळून पडली, यांना मात्र म्हातारपणापर्यंत सगळे मास्तरच म्हणत राहिले.

पुढे गुरू भेटले ते भास्करबुवा बखले. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तिन्ही घराण्यांची तालीम घेतलेला माणूस. बालगंधर्वही बुवांचेच शिष्य. १९२२ मध्ये बुवा गेले आणि गंधर्व नाटक मंडळीच्या संगीताची मोठी जबाबदारी हळूहळू कृष्णरावांवर आली. १९३१च्या 'कान्होपात्रा'चं संगीत त्यांचं. बालगंधर्वांनी गायलेले त्यातले अभंग आजही मैफलीत गायले जातात.

मग बोलपट आले, नाटक कंपन्या कर्जात बुडाल्या आणि मास्तर प्रभातमध्ये गेले. 'धर्मात्मा' (१९३५), 'अमरज्योती' (१९३६), 'गोपालकृष्ण' (१९३८), 'माणूस' (१९३९), 'शेजारी' (१९४१). ही यादी वाचली तरी कळतं की हा माणूस त्या काळातला टॉपचा संगीतकार होता. 'गोपालकृष्ण'मध्ये कृष्ण झालेला पोरगा म्हणजे राम मराठे. पुढे तोही मास्तरांचा शिष्य झाला.

यातला 'शेजारी' लक्षात ठेवा. हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांच्या मैत्रीवरचा तो सिनेमा होता. हिंदी आवृत्तीत, म्हणजे 'पडोसी'त, व्ही. शांताराम यांनी हिंदू पात्र मजहर खान यांना दिलं आणि मुसलमान पात्र गजानन जागीरदारांना. तो सिनेमा ज्याच्या चालींवर उभा राहिला, तोच माणूस वंदे मातरम् साठी भांडत होता. आज या गाण्यावरच्या कुठल्याही पोस्टखाली जी कमेंटबाजी चालते, त्यातल्या कुठल्याच गटात मास्तरांना बसवता येत नाही.

आता थोडं मागे जाऊ, कारण भांडण काय होतं ते कळल्याशिवाय मास्तरांची धडपड कळणार नाही.

वंदे मातरम् बंकिमचंद्र चट्टोपाध्यायांचं. १८८२ मध्ये पुस्तकरूपात आलेल्या 'आनंदमठ' कादंबरीत ते आहे. १८९६च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये ते रवींद्रनाथ टागोरांनी गायलं. बंगालच्या फाळणीनंतर तर ते देशभर पोचलं आणि इंग्रजांना नकोसं झालं. पण गाण्याच्या पुढच्या कडव्यांत मातृभूमीला दुर्गेचं रूप दिलेलं आहे आणि कादंबरीत मुसलमान राज्यकर्त्यांविरुद्धची लढाई आहे. त्यामुळे अनेक मुसलमान नेत्यांचा त्याला विरोध होता. १९२३च्या काकीनाडा अधिवेशनात पं. विष्णु दिगंबर पलुस्कर हे गीत म्हणायला उभे राहिले, तेव्हा अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी हरकत घेतली. पलुस्करांनी ती मानली नाही आणि गाणं पूर्ण केलं. शेवटी १९३७ मध्ये टागोरांचा सल्ला घेऊन काँग्रेस कार्यकारिणीने मधला मार्ग काढला: जाहीर कार्यक्रमात पहिली दोनच कडवी म्हणायची. यावर दोन्ही बाजूंचे लोक नाराज झाले, आणि ती नाराजी अजून संपलेली नाही.

मास्तर या वादात शिरले ते गाण्याच्या दाराने. मुंबई रेडिओवर तेव्हा कार्यक्रम थेट प्रसारित व्हायचे. एका कार्यक्रमाच्या शेवटी मास्तरांनी वंदे मातरम् सुरू केलं. सरकार इंग्रजांचं, त्यामुळे केंद्राच्या प्रमुखांनी प्रसारण बंद करून टाकलं. मास्तरांनी त्यानंतर रेडिओवर बहिष्कार टाकला. रेडिओ हे तेव्हा गायकाचं नाव घरोघरी पोचवणारं साधन होतं. म्हणजे आजच्या भाषेत, लाखो फॉलोअर असलेल्या माणसाने स्वतःहून अकाउंट बंद करावं तसं. तो बहिष्कार वर्षानुवर्षं चालला. देश स्वतंत्र व्हायच्या सुमारास हे गीत गाण्याची मुभा मिळाली, तेव्हाच ते रेडिओवर परत गेले.

स्वातंत्र्य मिळालं आणि खरा प्रश्न पुढे आला. देशाला राष्ट्रगीतच नव्हतं. १९४७ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी भारताच्या राष्ट्रगीताची मागणी झाली, तेव्हा शिष्टमंडळाकडे जन गण मनची रेकॉर्ड होती. ती तिथल्या वाद्यवृंदाला दिली गेली. त्यांनी ती वाजवली आणि लोकांना आवडली. पंडित नेहरूंनी १९४८ मध्ये घटना समितीत हा किस्सा सांगितला होता. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की राष्ट्रगीतात शब्दांइतकीच किंबहुना जास्त किंमत सुरावटीला असते, कारण परदेशात ते शब्दांशिवाय, बँडवरच वाजणार. आणि वंदे मातरम् ची चाल वाद्यवृंदाला तितकी सोयीची नाही.

हा आक्षेप राजकीय कारण लपवण्यासाठी होता का? काही अंशी असेलही. पण तो खोटा नव्हता. आपलं रागसंगीत एका वेळी एकाच सुरावटीवर चालतं. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड, गमक, ताना हेच त्याचं सौंदर्य. मिलिटरी बँडची गोष्ट वेगळी. तिथे ट्रम्पेट एक वाजवतं, क्लॅरिनेट दुसरं, खालचा आधार तिसऱ्याकडे. प्रत्येकासमोर लिहिलेला कागद हवा. वंदे मातरम् तोपर्यंत देशात डझनभर चालींत गायलं जात होतं. पलुस्करांची चाल काफीतली, इतरांच्या आणखी कशातल्या. त्यातली बरीच एकट्या गवयाने रंगवून म्हणायची, हजार लोकांनी एकसाथ म्हणायची नव्हे.

मास्तरांना या आक्षेपात अपमान दिसला नाही. त्यांनी त्याकडे काम म्हणून बघितलं. मला त्यांच्या गोष्टीत हीच बाजू सगळ्यात जास्त आवडते.

त्यांनी राग निवडला झिंझोटी. हा जड राग नाही, लोकधुनांच्या जवळचा आहे आणि सामान्य माणसाच्या गळ्याला सहज झेपतो. त्यात त्यांनी अशी चाल बांधली जी समूहाला म्हणता येईल आणि ज्यात फार हरकती घ्याव्या लागणार नाहीत. नंतर ते नौदलाच्या बँडचे ब्रिटिश प्रमुख सी. आर. गार्डनर यांच्याकडे गेले. भास्करबुवांच्या तालमीत वाढलेला, नाट्यपदांत रमलेला गवई आणि पाश्चात्त्य स्वरलेखनात मुरलेला इंग्रज बँडमास्तर. या दोघांनी मिळून वंदे मातरम् ची बँडवर वाजणारी आवृत्ती तयार केली. गंमत बघा, पुढे जन गण मनची वाद्यवृंदासाठीची मांडणीही एका इंग्रज संगीतकारानेच केली, हर्बर्ट मरिल यांनी.

मग दिल्ली. घटना समितीच्या सदस्यांसमोर मास्तरांनी प्रात्यक्षिकं दिली. समूहाने म्हणून दाखवलं, बँडवर वाजवून दाखवलं. बँडवर बसत नाही हा आक्षेप त्यांच्यापुरता तरी निकालात निघाला.

पण निर्णय फक्त चालीवर होणार नव्हता. नेहरूंनी प्रांतांच्या गव्हर्नरांकडून मतं मागवली होती आणि एकाचा अपवाद सोडून सगळ्यांचा कौल जन गण मनला होता. आझाद हिंद सेनेने त्याच चालीवर आपलं गीत केलेलं, त्यामुळे तिच्या गाठीला तोही वारसा होता. आणि फाळणी नुकतीच झाली होती. ज्या गाण्यावरून दहा-वीस वर्षं भांडणं झाली, तेच गाणं रक्तपातानंतर सगळ्यांना उभं राहून म्हणायला लावायचं का, हा प्रश्न त्या सभागृहात बसलेल्या माणसांपुढे होता. मला त्यांचा निर्णय चुकीचा वाटत नाही. मास्तरांवर अन्याय झाला असंही वाटत नाही. पण ज्याने समोरच्याचा आक्षेप इतक्या प्रामाणिकपणे खोडून काढला, त्याला आपला आक्षेप खरं तर वेगळाच होता हे तोंडावर कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

२४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्र प्रसादांनी घटना समितीत निवेदन केलं. जन गण मन राष्ट्रगीत, आणि स्वातंत्र्यलढ्यातल्या भूमिकेमुळे वंदे मातरम् ला त्याच्याइतकाच मान. मतदान झालं नाही.

जाता जाता एक: जन गण मन इंग्रज राजासाठी लिहिलं होतं हा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. ते पहिल्यांदा गायलं गेलं २७ डिसेंबर १९११ला, कलकत्ता काँग्रेसमध्ये. त्याच अधिवेशनात राजाच्या स्वागताचं एक वेगळं हिंदी गाणंही झालं आणि काही इंग्रजी वर्तमानपत्रांनी दोन्हींची सरमिसळ केली. टागोरांनी पुढे स्वतः पत्र लिहून हा आरोप झटकला होता.

मास्तरांचं काय झालं? ते रुसून बसले नाहीत. मधल्या काळात 'भक्तीचा मळा'मध्ये सावता माळी झाले होते, रांगणेकरांच्या 'कुलवधू'ला संगीत दिलं होतं, ते सगळं काम चालूच राहिलं. पुण्यात बुवांनी काढलेल्या भारत गायन समाजात शिकवलं, बंदिशींच्या स्वरलेखनाची पुस्तकं काढली. आणि १९५६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सांगण्यावरून पाली भाषेतल्या बुद्धवंदनेला चाल लावली. इथेही अट तीच होती. हजारो लोकांना एकत्र म्हणता आलं पाहिजे, ज्यांनी कधी गाणं शिकलेलं नाही त्यांनाही. वंदे मातरम् साठी केलेला तो सगळा विचार इथे कामाला आला असणार.

१९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. २० ऑक्टोबर १९७४ला ते गेले.

आज वंदे मातरम् म्हटलं की कुणाच्या डोक्यात रेडिओवरची देस रागातली सकाळची चाल येते, कुणाच्या लता मंगेशकरांची 'आनंदमठ'मधली, नव्वदच्या दशकात वाढलेल्यांच्या ए. आर. रेहमानची. मास्तरांची झिंझोटीतली चाल या यादीत सहसा नसते. तिचं ध्वनिमुद्रण आहे. बँडवर खरंच बसते की नाही, ते ऐकून तुम्हीच ठरवा.