शाहू महाराज आणि पागेतला गंगाराम



आपल्या धर्मग्रामातले बरेच जण शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत, कुणी दवाखान्यांत, कुणी लोकांच्या घरी कामाला जातात. मतदान आपण सहसा चुकवत नाही. पण गल्लीत पाणी येत नाही म्हणून अर्ज घेऊन महापालिकेत जायचे, चार लोकांच्या सभेत उठून बोलायचे म्हटले की आपण मागे सरतो. आपल्याला तिथे ओळखतो कोण, असे मनात येते. शंभर वर्षांपूर्वी ह्याच कोल्हापुरात एका राजाने गरीब नोकराची ही अडचण बरोबर हेरली होती.

राजर्षी शाहू महाराजांचा जन्म 26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. 1884 साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि 2 एप्रिल 1894 रोजी कारभार त्यांच्या हाती आला, तेव्हा ते विशीतही नव्हते. लगेचच दुष्काळ आणि पाठोपाठ प्लेगची साथ आली. महाराज कचेरीत बसून हुकूम सोडणारे नव्हते. ते गावोगाव फिरले, माणसांना भेटले. शेतकरी, पैलवान, माहूत, फासेपारधी यांच्याशी ते त्यांच्याच रांगड्या बोलीत बोलत. अंगाने धिप्पाड आणि बोलण्यात मोकळे असल्याने समोरचा माणूस आपले गाऱ्हाणे न घाबरता सांगे.

26 जुलै 1902 रोजी त्यांनी संस्थानातील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. 1906 साली कोटीतीर्थाजवळ शाहू मिल उभी राहू लागली. ती 2003 साली बंद पडली, पण तिचा भोंगा आपल्यातील वयस्क मंडळींच्या अजून कानात असेल. शिक्षणासाठी वसतिगृहे निघाली, त्यांत ख्रिस्ती मुलांसाठीही एक होते. 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा जाहीरनामा निघाला. 1918 साली महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यामागची रोजची हजेरी बंद झाली. ज्या माणसाला रोज चावडीवर हजेरी द्यावी लागते, त्याने दुसऱ्या दिवशी त्याच चावडीवर हक्क कसा मागायचा?

हे सगळे हुकुमाने झाले. पण हुकूम निघाला तरी माणूस लगेच ताठ उभा राहत नाही. गंगाराम कांबळे यांची हकीकत त्यासाठीच सांगायची.

गंगाराम राजवाड्याच्या पागेत मोतद्दार होते. महाराज बाहेरगावी असताना त्यांनी वरच्या जातीच्या नोकरांसाठी ठेवलेल्या हौदातील पाण्याला हात लावला. त्या नोकरांनी त्यांना बेदम मारले. महाराज परतल्यावर गंगाराम आपल्या माणसांसह त्यांना जाऊन भेटले. हे भेटणेच मोठे होते. आपले ऐकले जाईल, एवढी त्या मोतद्दाराला आपल्या धन्याची ओळख होती. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. पण नुसत्या शिक्षेने गंगाराम पागेत आणखी एकटे पडले असते, असे मला वाटते. महाराजांनी त्यांना चाकरीतून मोकळे केले आणि स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले.

गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले आणि त्याला सत्यसुधारक हे नाव दिले. हॉटेल स्वच्छ होते, चहा चांगला होता, पण गिऱ्हाईक येईना. मग महाराजांची गाडी त्या दारात थांबू लागली. ते तिथला चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. कामाचे कागद घेऊन आलेल्यांना आधी गंगारामांचा चहा घ्यायला लावत, मगच सही करत, असे जुने लोक सांगत. राजाने घेतलेला चहा नाही कसा म्हणायचा? यात थोडा कावा होता आणि पुष्कळ माया होती.

ह्याच काळात दत्तोबा पवार हे चर्मकार समाजातील गृहस्थ कोल्हापूर नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. डॉ. आंबेडकरांची व महाराजांची ओळख करून देण्यात त्यांचा वाटा होता. पुढे मार्च 1920 मध्ये कागल जहागिरीतील माणगावला डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, तिला महाराज स्वतः गेले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, अशा अर्थाचे त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले. त्याआधी 1918 साली मुंबईत परळला कामगारांच्या सभेत त्यांनी कामगारांना आपला संघ बांधण्याचा सल्ला दिला होता. स्वतःची मिल काढणाऱ्या राजाने हे सांगावे, याचे आजही नवल वाटते.

6 मे 1922 रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय अवघे 47. स्मारक उभारावे अशी चर्चा मोठ्या लोकांत होत राहिली असेल. पण गंगाराम कांबळे थांबले नाहीत. त्यांनी आपल्या समाजाला एकत्र केले, वर्गणी जमवली आणि 1925 साली नर्सरी बागेत महाराजांचे पहिले स्मारक उभे केले. एके काळी हौदाला हात लावला म्हणून मार खाल्लेला मोतद्दार आता लोकांच्या पैशाचा हिशेब ठेवून गावाचे काम करत होता.