पंडिता रमाबाई व मनाची शुश्रूषा

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगांवचें स्टेशन लागतें. दौंडचे आडते व भीमेपलीकडील शिरूरचे व्यापारी यांच्या जाण्यायेण्यांतलें हें गांव; परंतु तेथील मुक्तिसदनांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काय काम झालें, याची ओळख आमच्या पेठांतून फार थोड्यांना असेल. पंडिता रमाबाई म्हटल्या कीं लोकांना दोनच गोष्टी आठवतात, त्यांची विद्वत्ता आणि त्यांचें धर्मांतर. एकीबद्दल अभिमान व दुसऱ्याबद्दल राग दाखविला कीं त्यांचें चरित्र संपलें, असें आम्ही मानून चाललों आहों. आज आम्ही तिसऱ्याच गोष्टीविषयीं लिहीत आहों. भुकेनें, अत्याचारानें आणि भयानें ज्यांचें चित्त विसकटून गेलें होतें अशा शेंकडों मुलींची शुश्रूषा या बाईंनीं केली. आणि ती करतांना कोणतें वागणें रोगाचें, कोणतें दुःखाचें व कोणतें केवळ भीतीचें, हें ओळखण्याची त्यांची पारख मोठी होती. ही पारख त्यांना कोठें मिळाली, हें पाहण्यासारखें आहे.

बाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रींतील गंगामूळ येथें झाला. त्याच वर्षीं हिंदुस्थानांत वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला, हा एक योगायोग. मॅजिस्ट्रेटनें कोणाला आंत पाठवावें व खर्च कोणाकडून घ्यावा, याची त्या कायद्याला चिंता होती. आंत गेलेल्या माणसाजवळ बसून त्याचें ऐकावें कोणीं, ही नव्हती. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस संस्कृत शिकविण्याचें धाडस केलें व त्यापायीं स्वजनांचा रोष ओढवून घेतला. पुढें यात्रा करीत फिरणाऱ्या या कुटुंबाला दक्षिणेंतील दुष्काळानें गांठलें. भांडींकुंडीं विकलीं गेलीं. ब्राह्मणानें मजुरी कशी करावी, या संकोचांत सारीं रानांत शिरलीं आणि अकरा दिवस पाणी व झाडपाला यांवर राहिलीं. वडिलांनीं जलसमाधीचा निश्चय केला होता. मुलगा श्रीनिवास मजुरीस तयार झाला म्हणून तो टळला. तरी १८७४ सालीं वडील गेले, आणि मागोमाग आई व थोरली बहीण याही गेल्या. उरलेलीं बहीणभाऊ देशभर पायीं फिरलीं. झेलमच्या कांठीं थंडी निवारण्यासाठीं वाळूंत खड्डे करून त्यांत निजलीं. भुकेलें माणूस कसें वागतें आणि कां बोलत नाहीं, हें त्यांना ग्रंथांतून शिकावें लागलें नाहीं.

कलकत्त्याचा मानसन्मान, १८८० सालचा बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशीं विवाह, कन्या मनोरमेचा जन्म आणि १८८२ च्या आरंभीं आलेलें वैधव्य, हा भाग सर्वश्रुत आहे. त्याच वर्षीं पुण्यांत हंटर कमिशनपुढें साक्ष देतांना त्यांनीं स्त्रियांसाठीं स्त्री-डॉक्टर हव्यात, असें आग्रहानें मांडलें. आमच्या बायका पुरुषापुढें आपलें दुखणें सांगत नाहींत, ही साधी गोष्ट त्यांनीं सरकारच्या कानांवर घातली. शरीराचें दुखणें जेथें सांगतां येत नाहीं, तेथें मनाचें कोण सांगणार?

स्वतः वैद्यक शिकावें या हेतूनें त्या १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या. वाँटेज येथील भगिनींच्या मठांत त्या उतरल्या असतां एक भयंकर प्रसंग घडला. त्यांच्या सोबतीस गेलेल्या आनंदीबाई भगत यांच्या मनानें घेतलें कीं आपल्याला बळेंच ख्रिस्ती करणार. त्या भयाच्या भरांत त्यांनीं एका रात्रीं रमाबाईंच्याच जिवावर उठण्याचा प्रयत्न केला, आणि तो फसल्यावर आत्महत्या केली. पंडित मॅक्समुल्लर यांनीं आपल्या आठवणींत ही हकीकत नमूद केली आहे. त्यानंतर रमाबाई त्यांच्याकडे ऑक्सफर्डास राहिल्या, तेव्हां त्यांची प्रकृति इतकी खचली होती कीं रात्रीं त्यांच्या खोलींत एक मोलकरीण निजविण्याची व्यवस्था करावी लागली. आमच्या मतें या चरित्रांतील हें सर्वांत दुर्लक्षित पान आहे. विदुषी म्हणून गाजलेली, पंचविशींतली ही बाई रात्रीं एकटी निजूं शकत नव्हती. तिला त्या वेळीं शास्त्रार्थ नको होता व उपदेशही नको होता. खोलींत एक माणूस हवें होतें, आणि यजमानांनीं तें दिलें. मनाच्या शुश्रूषेंतील पहिला धडा त्यांनीं असा रुग्ण होऊन घेतला. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. कानांच्या दोषामुळें वैद्यकाचा बेत सोडावा लागला.

दुसरा धडा लंडनजवळील फुलहॅम येथें मिळाला. वाँटेजच्या भगिनी तेथें समाजानें टाकलेल्या स्त्रियांसाठीं एक घर चालवीत. ज्यांच्याकडे रस्त्यांत कोणी पाहणार नाहीं अशा बायकांशीं या भगिनी आपल्या सख्ख्या बहिणींप्रमाणें वागतात, हें पाहून रमाबाईंवर जो परिणाम झाला तो त्यांनीं पुढें स्वतः लिहून ठेविला आहे. चेल्टनमचें अध्यापन, १८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास फिलाडेल्फियास जाणें, तेथील ग्रंथ व निधि यांविषयीं येथें विस्तार करीत नाहीं. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन निघालें, पुढल्या वर्षीं तें पुण्यास आलें, आणि १८९३ सालीं धर्मांतराच्या वादावरून पुण्याच्या पुढाऱ्यांनीं त्याच्याकडे पाठ फिरविली.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. बाई मध्यप्रांतांत गेल्या व सरकारी अन्नछत्रांची आणि कामांची स्थिति त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली. तेथें निराधार मुलींना पोटासाठीं मुकादमांच्या हातीं अब्रू द्यावी लागे. अशा सुमारें तीनशे मुली त्यांनीं आणल्या. अंगावर खरूज, तोंडांत फोड, केंसांच्या जटा. आणि मनाची दशा त्याहून वाईट. चांगलें खाऊं घालून लठ्ठ केल्यावर आपल्याला विस्तवावर उलटें टांगून डोक्यांतून तेल काढणार, अशी भुमका त्यांच्यांत पसरली होती. पोटभर जेवणाचीच त्यांना धास्ती वाटे! एखाद्या घाईच्या अधिकाऱ्यानें अशा मुलीला वेडी ठरविलें असतें, आणि एखाद्या घाईच्या भक्तानें तिच्या अंगांतलें भूत काढूं पाहिलें असतें. बाई मात्र जाणत होत्या कीं जिला आजवर प्रत्येक खाऊ घालणाऱ्यानें फसविलें, तिची शंका ही तिच्या बुद्धीचाच पुरावा आहे. अशा शंकेला औषध एकच: रोज ठरल्या वेळीं अन्न, रोज तींच माणसें, आणि आज सांगितलेलें उद्यां खरें होणें. शारदासदनांतील जुन्या विद्यार्थिनींनीं या नव्या मुलींची व्यवस्था पाहिली. काल जी स्वतः घाबरलेली होती तिच्या हातीं आजची घाबरलेली मुलगी सोंपविण्यांतला शहाणपणा आजच्या कोणत्याही परिचारिकेस पटेल.

त्यांतच पुण्यांत प्लेग आला. एवढ्या मुली शहरांत ठेवण्यास मनाई झाली आणि बाईंनीं त्यांना केडगांवच्या आपल्या सुमारें शंभर एकर जमिनीवर हलविलें. प्लेगच्या इस्पितळांत गेलेल्या आपल्या आश्रमाच्या एका मुलीची जी दुर्दशा झाली तिच्याविषयीं त्यांनीं मे १८९७ मध्यें ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रांत उघड तक्रार केली. सरकारनें ती नाकारली. परंतु रुग्ण एकदां आंत गेल्यावर त्याला हात कोण लावतो व रात्रीं दारावर कोण असतो, हा त्यांचा प्रश्न सरकारी नकारानें मिटणारा नव्हता. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटून तो अजून विचारण्याजोगा आहे. मनोरुग्णांच्या बाबतींत तर विशेषच, कारण त्यांच्या तक्रारीला वेडाचा बडबडाट म्हणून उडवून लावणें सर्वांत सोपें.

१९०० च्या दुष्काळानंतर मुक्तींत दीड हजारांच्या वर माणसें झालीं. पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन निघालें. फुलहॅमचें बीज तें येथें रुजलें. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल लिपि शिकवूं लागल्या. शेत, गाईगुरें, विणकाम, स्वयंपाक, छापखाना, असे नाना उद्योग होते, आणि जिला जें झेपेल तें तिला दिलें जाई. हातांना काम मिळाल्यानें मन सांवरतें, हें आमच्या घरच्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक आहे. कोणत्या हातांना कोणतें आणि किती, हें ठरविण्यांत खरें कौशल्य.

आम्ही अंधभक्त नाहीं. १९०५ सालीं मुक्तींत धर्मजागृतीची जी लाट उसळली, तींत मुली तासन्‌तास प्रार्थना करीत, रडत, थरथरत. कोणी ती ईश्वरी कृपा मानली, कोणी तो झटका मानला. ज्यांच्या जिवावर आधींच घाव पडले आहेत अशांना सामुदायिक आवेशांत सोडणें धोक्याचें, असें आमचें मत आहे. तेथें बाईंची शांत पारख भक्तीपुढें मागें पडली असावी. आणि जिचें अन्नवस्त्र आपल्या हातीं आहे तिचा धर्माबाबतचा होकार कितपत मोकळा, हा आक्षेपही फेटाळण्याजोगा नाहीं. मात्र तो घेणाऱ्यांनीं एका प्रश्नाचें उत्तर द्यावें. १८९७ सालीं त्या अन्नछत्रांच्या दारांशीं आपल्यांपैकीं किती जण गाडी घेऊन गेले होते?

आतां कायदा बदलला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलांत आला. त्यानें मनोरुग्णास साखळीनें बांधणें निषिद्ध केलें, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखालीं होता असें गृहीत धरून त्याला शुश्रूषा देण्याचें कर्तव्य सरकारवर टाकलें. भूत उतरविण्याच्या नांवाखालीं मारहाण करणें हा महाराष्ट्रांत २०१३ पासून गुन्हा आहे. तरीही आमच्या तालुक्यांतल्या एखाद्या सुखवस्तु घरची सून बाळंतपणानंतर गप्प झाली, जेवेना, मुलाला घेईना, तर पहिली फेरी देवऋष्याकडे होते कीं डॉक्टरकडे, हें ज्याचें त्यानें आठवून पाहावें. दुकानांतील हिशेब एका पैशानें चुकला तर रात्र जागविणारे आम्ही, घरांतलें माणूस महिनाभर बोललें नाहीं तर सवड नाहीं म्हणतों!

रमाबाईंच्या उतारवयांत त्यांच्या हातीं बायबलाच्या मराठी भाषांतराचें काम होतें. त्यांचा उजवा हात असलेल्या मनोरमाबाई १९२१ च्या जुलैंत वारल्या. एवढ्या अनाथांची आई झालेल्या बाईंची एकुलती एक लेक ती. तरी त्यांनीं भाषांतर पुरें केलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवींच देह ठेविला. टाकलेल्या स्त्रिया व निराधार मुलें यांना आश्रय देण्याचें तेथील काम त्यांच्यामागेंही चालू राहिलें आहे. शिरूरहून भीमा ओलांडून किंवा दौंडहून लोकलनें तेथें अर्ध्या दिवसांत जाऊन येतां येतें.