जाळीआडच्या कन्यांचे संगीतगुरू

सणाच्या मंगल दिवशी सुरांवाचून देवाची आराधना पुरी होत नाही, हा अनुभव आपल्या घराघराला आहे. परंतु ज्या सुरांनी ईश्वराची सेवा करावी, त्याच सुरांनी निराधारांना आधार द्यावा, असे भाग्य फार थोड्या कलावंतांना लाभते. अशाच एका दूरदेशीच्या संगीतकाराचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यांचे नाव अंतोनियो विवाल्दी.

इटलीतील व्हेनिस या जलवेष्टित नगरीत ४ मार्च १६७८ रोजी त्यांचा जन्म झाला. बालक जगेल की नाही याचीच भ्रांत पडल्याने सुईणीने घरीच त्यांचा बाप्तिस्मा उरकला. पिता जोव्हान्नी बात्तिस्ता हे मूळचे न्हावी. पुढे व्हायोलिनवादनात नैपुण्य मिळवून १६८५ साली ते सेंट मार्क या प्रख्यात चर्चच्या वाद्यवृंदात रुजू झाले. पुत्राने सुरांची विद्या पित्याकडूनच घेतली. पंधराव्या वर्षी अंतोनियोंनी धर्मसेवेची वाट धरली आणि १७०३ च्या मार्च महिन्यात त्यांना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. केसांच्या रंगावरून लोक त्यांना तांबडा पाद्री म्हणू लागले.

परंतु छाती आवळून येण्याची व्याधी त्यांना जन्मापासून जडलेली होती. वेदीपाशी उभे राहून मासचा विधी तडीस नेणे अशक्य होऊ लागले, आणि थोड्याच काळात त्यांनी तो कायमचा सोडला. वेदी सुटली, सेवा मात्र सुटली नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ओस्पेदाले देल्ला पिएता या अनाथाश्रमात ते व्हायोलिनचे शिक्षक म्हणून दाखल झाले.

हा आश्रम १३४६ साली एका फ्रान्सिस्कन साधूने स्थापिला होता. त्याच्या भिंतीत एक कोनाडा असे. ज्या मातेला आपले अर्भक सांभाळणे शक्य नसे, ती ते त्या कोनाड्यात ठेवून निघून जाई. आश्रमातील मुलगे मोठे झाले की एखादा धंदा शिकून बाहेर पडत. मुली बहुधा तेथेच राहत. त्यांपैकी ज्यांच्या ठायी गुण दिसे, त्यांना गायन-वादनाचे कसून शिक्षण मिळे. त्यांना आडनाव नसे. ज्या वाद्यात त्या निपुण होत, त्याच्याच नावाने त्या ओळखल्या जात. व्हायोलिनवाली आन्ना मारिया ही त्यांतील सर्वांत नामांकित. विवाल्दींनी अनेक रचना तिच्यासाठी लिहिल्या.

प्रार्थनेच्या वेळी या कन्या उंच सज्जावर, लोखंडी जाळीआड बसत. श्रोत्यांना मुखे दिसत नसत. कानी येत ते केवळ सूर. ते ऐकण्यासाठी युरोपातील राजे-सरदार व्हेनिसला येत, आणि त्यांच्या देणग्यांनी आश्रमाची पोटे भरत. जन्मदात्यांनी ज्यांना टाकले, त्यांच्याच सुरांपुढे जगाने मान लववावी, याहून मोठा न्याय कोणता?

गुरूची वाट मात्र सुकर नव्हती. त्यांची नेमणूक दरवर्षी विश्वस्तांच्या मतांवर ठरे. १७०९ मध्ये सहाविरुद्ध सात मतांनी त्यांची जागा गेली. १७११ मध्ये त्याच विश्वस्तांनी त्यांना परत बोलाविले. त्याच वर्षी ॲम्स्टरडॅम येथे त्यांच्या बारा कॉन्चेर्तोंचा संग्रह प्रसिद्ध झाला. एक वादक आणि संपूर्ण वाद्यवृंद यांच्या संवादातून फुलणारा हा संगीतप्रकार त्यांनी असा घडविला, की जर्मनीच्या थोर बाख यांनीही त्यांच्या अनेक रचना ऑर्गन व हार्पसिकॉर्डसाठी उतरवून घेतल्या. १७१६ साली बायबलकथेवरील जुदिता त्रिउम्फान्स हे धर्मसंगीत पिएतामध्ये सादर झाले. त्यात सेनापतीच्या भूमिकेपासून सर्व भूमिका आश्रमकन्यांनीच गाइल्या. १७२३ मध्ये दरमहा दोन नव्या कॉन्चेर्तो देण्याचा करार झाला, आणि १७२५ मध्ये चार ऋतूंवरील सुविख्यात रचना प्रसिद्ध झाल्या.

पुढे लोकांची अभिरुची पालटली. आश्रयाच्या आशेने विवाल्दी व्हिएन्नास गेले. परंतु ऑक्टोबर १७४० मध्ये सम्राट सहावा चार्ल्स निवर्तला आणि ती आशाही मावळली. जुलै १७४१ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, परक्या नगरीत त्यांचा अंत झाला. तेथील इस्पितळाच्या दफनभूमीत साधेपणाने त्यांना मूठमाती मिळाली. ती कबरही आज उरलेली नाही.

जवळजवळ दोनशे वर्षे हे नाव विस्मृतीत गेले. १९२६ साली पीडमाँट प्रांतातील एका धार्मिक विद्यालयाने जुनी हस्तलिखिते विकावयास काढली, तेव्हा त्यांत खुद्द विवाल्दींच्या संग्रहातील बाडे निघाली. उरलेला भाग जिनोव्हा येथील एका घराण्याकडे होता. तूरीनच्या ग्रंथालयापाशी हे सारे विकत घेण्याइतके द्रव्य नव्हते. तेव्हा रोबेर्तो फोआ आणि फिलिप्पो जोर्दानो हे दोन गृहस्थ पुढे आले. दोघांचेही बाळ नुकतेच निवर्तले होते. १९२७ व १९३० साली त्यांनी ती बाडे विकत घेऊन ग्रंथालयास अर्पण केली, आणि मौरो व रेंझो या आपल्या बाळांची नावे त्या संग्रहांना दिली. ती नावे आजही तेथे आहेत.

माता-पित्यांना अंतरलेल्या कन्यांसाठी जे सूर लिहिले गेले, ते अपत्याला अंतरलेल्या दोन पित्यांनी जगास परत दिले. विवाल्दींचे पुण्यस्मरण करताना त्या जाळीआडच्या अनाम कन्यांना आणि त्या दोन पित्यांनाही आम्ही मनोभावे वंदन करतो.