समजून घ्या : मोडलेले हाड जुळते, मग गुडघा का अडतो? खाशाबा जाधव यांच्या हुकलेल्या ऑलिम्पिकची गोष्ट

अकोल्याच्या जठारपेठेत दुचाकी घसरून कुणाचे मनगट मोडले, तर साधारण सहा आठवड्यांत प्लास्टर निघते आणि काही महिन्यांत हात पुन्हा कामाला लागतो. त्याच अपघातात मनगटाऐवजी गुडघा पिळला गेला आणि एक्स-रे स्वच्छ आला, तर घरचे निर्धास्त होतात. हाड मोडले नाही ना, मग झाले. प्रत्यक्षात अनेकदा ही दुसरी दुखापतच वर्षानुवर्षे पिच्छा पुरवते. कारण हाड स्वतःला सांधू शकते, सांध्यातील कूर्चेला ते जमत नाही.

गुडघा किती महाग पडू शकतो, हे महाराष्ट्राने एका पैलवानाच्या आयुष्यात पाहिले आहे. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव गुडघ्याच्या दुखापतीमुळे पुढच्या ऑलिम्पिकला जाऊच शकले नाहीत.

गोळेश्वर ते लंडन

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सर्वात धाकटे. कुस्तीचे पहिले डाव घरातच शिकायला मिळाले. शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि पुढचे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात झाले. चण लहान, पण चपळाई अशी की वजनाने भारी मल्लालाही ते चकवत.

1948 च्या लंडन ऑलिम्पिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले. लाल मातीत घडलेल्या या पैलवानाला मॅटची सवय नव्हती, आंतरराष्ट्रीय नियमही नवे होते. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला.

घर गहाण पडले, पदक घरी आले

1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी पैशांचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून 7 हजार रुपये उभे केले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती.

हेलसिंकीत खाशाबा 57 किलोच्या बँटमवेट गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवले. पुढे जपानच्या शोहाची इशीई यांच्याशी चिवट लढत झाली आणि ती हातची गेली. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव यांच्यासमोर उभे राहावे लागले, असे सांगितले जाते. इशीई यांना सुवर्ण, मामेदबेकोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. त्या स्पर्धेत भारताची पदके दोनच : हॉकी संघाचे सुवर्ण आणि खाशाबांचे कांस्य.

परतल्यावर कराडच्या वाटेवर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सत्कार आटोपले आणि खाशाबा पुन्हा आखाड्यात उतरले. कुस्त्यांतून मिळालेल्या पैशातून त्यांनी खर्डीकरांचे घर सोडवायला हातभार लावला.

1956 : मेलबर्न हुकले

1955 मध्ये ते मुंबई पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. नोकरी सांभाळून मेलबर्नची तयारी सुरू होती. लंडनला सहावे, हेलसिंकीला तिसरे, अशी चढती कमान. वय तीस. तेवढ्यात गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि मेलबर्नचा रस्ता बंद झाला.

पैलवानाला मार नवा नसतो. बोट मोडते, बरगडी दुखावते, तो पुन्हा उभा राहतो. मग गुडघाच असा का नडतो? त्यासाठी आधी हाड कसे जुळते ते पाहावे लागेल.

हाड कसे जुळते?

हाड म्हणजे कोरडा दगड नव्हे. त्यात रक्तवाहिन्या आहेत, जिवंत पेशी आहेत. हाड मोडले की तिथे रक्त साकळते आणि सूज येते. ही सूजच दुरुस्तीची सुरुवात असते. रक्तासोबत दुरुस्ती करणाऱ्या पेशी तिथे पोहोचतात. दोन-तीन आठवड्यांत मोडलेल्या टोकांभोवती मऊ सांधा तयार होतो. डॉक्टर त्याला कॅलस म्हणतात. पुढच्या आठवड्यांत त्यात कॅल्शियम साठते आणि तो कडक होतो. मनगटाला साधारण सहा आठवडे लागतात, नडगीच्या हाडाला तीन-चार महिने किंवा अधिक.

यानंतर काही महिने ते काही वर्षे आकार देण्याचे काम चालते. एका प्रकारच्या पेशी जादा हाड खरवडून काढतात, दुसऱ्या गरजेच्या जागी नवे हाड भरतात. त्यामुळे जुळलेल्या जागी बहुतेक वेळा व्रण उरत नाही, पुन्हा हाडच तयार होते. प्लास्टर, रॉड किंवा प्लेट हाड जोडत नाही. ती फक्त टोके जागेवर धरून ठेवते. जोडण्याचे काम शरीरच करते.

कूर्चेला हे का जमत नाही?

गुडघ्यात मांडीचे आणि नडगीचे हाड जिथे भेटते, तिथे दोन्हींच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत थर असतो. ती कूर्चा. ती इतकी निसरडी असते की हाडावर हाड घासत नाही. पण तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. पेशी अगदी थोड्या, त्याही दाट जाळ्यात अडकलेल्या. त्यांचे पोषण सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून होते.

रक्त नाही म्हणून साकळणे नाही, दुरुस्तीची फौज नाही, कॅलसही नाही. इजा खोल जाऊन खालच्या हाडापर्यंत पोहोचली तर तिथून रक्त येते आणि खड्डा भरतो. मात्र त्यात मूळ कूर्चा तयार होत नाही. तयार होते ती तंतुमय, कमी टिकाऊ कूर्चा. स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी 1743 मध्येच नोंदवले होते की नष्ट झालेली कूर्चा पूर्ववत होत नाही.

आणखी एक अडचण म्हणजे कूर्चेत वेदना पोहोचवणाऱ्या नसाही नाहीत. त्यामुळे ती झिजत असताना सुरुवातीला दुखतच नाही. दुखू लागते तोवर बरेच नुकसान झालेले असते.

गुडघ्यातील गादीची, म्हणजे मेनिस्कसची गोष्ट थोडी वेगळी. तिच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा आहे, त्यामुळे तिथली फाट भरू शकते. आतल्या भागाला तो नाही. गुडघा स्थिर ठेवणारा एसीएल हा लिगामेंट पूर्ण तुटला, तर तोही सहसा आपोआप नीट जुळत नाही.

त्या काळी इलाज काय होता?

एक्स-रेमध्ये हाड दिसते. कूर्चा, गादी आणि लिगामेंट दिसत नाहीत. एमआरआय यायला अजून दोन दशकांहून अधिक काळ होता. दुर्बिणीने गुडघ्याच्या आत पाहण्याचे तंत्र जपानमध्ये मासाकी वातानाबे नुकतेच विकसित करत होते. फाटलेली गादी सापडली, तर गुडघा उघडून ती बहुधा पूर्ण काढून टाकली जाई. असे केल्याने सांधा पुढे लवकर झिजतो, याकडे इंग्लंडमध्ये फेअरबँक यांनी 1948 मध्येच लक्ष वेधले होते, पण पद्धत बदलायला अनेक वर्षे गेली. म्हणजे सांध्यात हाड सोडून जे काही दुखावे, त्यावर 1956 मध्ये खेळाडूला पुन्हा मॅटवर आणणारा खात्रीचा इलाज नव्हता.

आज गादी शक्यतो शिवली जाते, लिगामेंट नव्याने बसवता येतो. रुग्णाच्याच कूर्चेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून खड्ड्यात भरण्याचे तंत्र स्वीडनमधील डॉक्टरांनी 1994 मध्ये जगापुढे मांडले. विनेश फोगाटला 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये गुडघ्याची गंभीर दुखापत झाली, तरी 2018 च्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकले. अर्थात, झिजलेली कूर्चा जशीच्या तशी परत आणणारे औषध आजही नाही.

पुढे काय झाले?

खाशाबा पोलीस सेवेत राहिले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. हयातीत त्यांना मोठा राष्ट्रीय सन्मान मिळाला नाही. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्यांच्यानंतर भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला 44 वर्षे लागली. ते 1996 मध्ये टेनिसपटू लिअँडर पेसने जिंकले. कुस्तीतील पुढचे पदक आले 2008 मध्ये. आता 15 जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

गुडघा पिळला तर काय करावे?

- पहिले दोन-तीन दिवस आराम द्या. कापडात गुंडाळलेला बर्फ लावा, क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर उंच ठेवा.
- सुजलेल्या गुडघ्याला जोरात मालिश करू नका, झटका देऊन तो बसवून घेऊ नका.
- काही तासांतच मोठी सूज आली, पायावर भार देता येत नसेल, गुडघा मध्येच अडकत किंवा लचकत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. एक्स-रे स्वच्छ असला तरीही.
- हाड मोडले असेल तर तंबाखू आणि धूम्रपान बंद करा. त्याने हाड जुळायला उशीर होतो.
- दुखणे थांबले म्हणजे गुडघा बरा झाला असे नाही. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम फिजिओथेरपिस्टने सांगितला तितके दिवस करा. मांडीचे स्नायू भक्कम असतील तर सांध्यावरचा ताण कमी होतो आणि उरलेली कूर्चा अधिक काळ टिकते.